शून्याचा पाचवा हिस्सा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात, कारखान्यात आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एखादी गोष्ट चारचौघांत पोचवायची असली की लोक मुद्दाम मला येऊन सांगतात आणि वर "कुणाला बोलू नका हं" अशी ताकीद देतात. म्हणजे ती लवकर पोचते. आमचे हे बरोब्बर उलटे. त्यांच्या पोटातलं ओठावर यायचं म्हणजे मुहूर्तच लागायचा. आमच्या कारखान्यात बोलायचं काम बाईंचं आणि खोकी बनवायचं मालकांचं, असं लोक म्हणायचे. ते काही खरं नाही. खोक्यांवर कागद मी चढवत होते.

खोकी म्हणजे गोदामात रचतात ती तपकिरी खोकी नव्हेत. घड्याळ, अंगठी, अत्तराची कुपी किंवा कपबश्यांचा सेट असं काही हौसेनं घेतलं की ते ज्या जाड पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात घालून मिळतं, ते खोकं. अत्तर उडून जातं, कपबश्या फुटतात, अंगठी हरवते. खोकं मात्र वर्षानुवर्षं कपाटात राहतं आणि त्यात बायका बटणं आणि सुया ठेवतात. आमच्या ह्यांना याचा फार अभिमान होता. "आतल्या वस्तूपेक्षा आपला माल जास्त टिकतो," असं ते म्हणायचे. एवढं लांब वाक्य ते वर्षातून दोनदा बोलायचे, त्यातलं हे एक.

आम्ही वर राहायचो आणि खाली कारखाना होता. लांबलचक टेबल, पुठ्ठा कापायचं चाकाचं मशीन, कोपरे मारायचं पायाचं मशीन आणि कोपऱ्यात लहान शेगडीवर खळीचं पातेलं. खळीचा तो आंबूस गरम वास आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यानं मळमळायचं. नंतर माहेरी गेले की त्या वासावाचून झोप लागेना.

ह्यांची माल तपासायची एक रीत होती. तयार खोक्यावर झाकण टेकवायचं आणि हात काढून घ्यायचा. झाकण धपकन खाली गेलं तर सैल, मध्येच अडकलं तर घट्ट, दोन्ही बाद. नीट उतरलेल्या खोक्याचं झाकण स्वतःच्या वजनानं सावकाश खाली येतं, आतली हवा बाहेर सोडत, आणि टेकताना बारीकसा सुस्कारा टाकतं. तो सुस्कारा ऐकल्याशिवाय खोकं दाराबाहेर जायचं नाही. कोपरेवाली मावशी म्हणायची, "मालक, माणसाचं ऐकायला तुम्हाला वेळ नाही, खोक्याचं बरं ऐकता." चारी कोपऱ्यांना पट्टी मारायचं काम तिचं, म्हणून तिला कोपरेवाली म्हणत. आमच्या टेबलाशी तिचे केस पांढरे झाले होते आणि तिची जीभ माझ्या जिभेच्या तोडीची होती, म्हणून आमचं जमायचं.

दुसरी रीत पेपरची. खळ लावताना टेबलावर रद्दी पसरावी लागते. पण आठवड्याच्या आतला पेपर खळीखाली घ्यायचा नाही, असा ह्यांचा कायदा. हे पेपर पहिल्या अक्षरापासून छापणाऱ्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे, आणि राहिलेलं पुन्हा वाचायचे. एकदा मावशीनं चुकून त्याच दिवसाचा पेपर पसरला. ह्यांनी तिच्याशी दिवसभर अबोला धरला. पेपर दोरीवर वाळत घातला आणि संध्याकाळी, खळीनं कडक झालेला, पापडासारखा मोडत मोडत वाचला.

इतका पेपर वाचणारा माणूस, पण मंदी येतेय हे त्यांना पेपरानं सांगितलं नाही. ते त्यांना खोक्यांनी सांगितलं. घड्याळवाला आतून मखमल लावून घ्यायचा, तो म्हणाला, या वेळी साधा कागद चालेल. मग म्हणाला, जरा लहान साईझ करा. मग म्हणाला, गिऱ्हाईक पिशवीत घालून मागतं हल्ली. अंगठ्यांच्या खोक्यांची ऑर्डर निम्म्यावर आली. पेपरात तेव्हा बाजार वर चालला होता, त्याचा आलेखही छापला होता.

चहा पिताना हे एकदम म्हणाले, "मंदी येतेय."

मी म्हटलं, "पेपरात तर तेजी आहे."

"पेपर लिहिणारे खोकी घेत नाहीत."

आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांनीच करावं. कोपऱ्याचं मशीन घेताना बँकेचं कर्ज काढलं होतं, त्यातलं बरंचसं अजून बाकी होतं. हप्ता एकदाही चुकला नव्हता. त्यांनी पुठ्ठा खरेदीसाठी बाजूला ठेवलेले सगळे पैसे उचलले आणि ते कर्ज एकरकमी फेडून टाकलं.

मी कडाडलेच. "अहो, पुठ्ठा काय माझ्या माहेरून आणायचा?"

"पुठ्ठेवाला देईल उधार. आजवर दिलाच आहे."

"आणि नाही दिला तर?"

"तर बँक देईल. वेळेवर फेडणाऱ्याला कोण नाही म्हणतं? आभाळ भरून आलं की वाळत घातलेलं आधी आत घ्यावं."

याच्या मागचं मला ठाऊक होतं, म्हणून मी पुढे ताणलं नाही. माझे सासरे देणं ठेवून गेले. ते गेले त्याच आठवड्यात सावकाराची माणसं आली आणि चालत्या कारखान्यातून कापायचं मशीन उचलून घेऊन गेली. हे तेव्हा शाळेत होते. टेबलावर अर्धा कापलेला पुठ्ठा तसाच राहिला होता, तो त्यांनी किती दिवस कुणाला हलवू दिला नाही म्हणे. त्या एका दुपारी दोन भावांनी दोन वेगळे धडे घेतले. हे म्हणाले, कुणाचं देणं म्हणून ठेवायचं नाही. धाकट्या भावजींनी ठरवलं, बाप फेडता फेडता मेला, आपण घेत राहायचं. त्यांनी लेबलं छापायचा प्रेस काढला आणि दर मशीनमागे एक कर्ज केलं. "वहिनी, कर्ज म्हणजे डोक्यावरचे केस. जितके दाट तितका माणूस तरुण दिसतो," असं म्हणायचे, आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवायचे.

हे बँकेतून 'देणे बाकी नाही' असा दाखला घेऊन आले. मी तो फ्रेम करून घेऊ म्हटलं. संध्याकाळी पाहते तर त्यांनी त्या दाखल्याच्या मापाचं एक खोकं बनवलं होतं, निळ्या कागदाचं, आतून मखमल लावलेलं. दाखला आत ठेवला, झाकण टेकवलं, हात काढला. झाकण उतरलं, सुस्कारा आला. त्या रात्री ते घोरत झोपले, आणि मला पुठ्ठ्याची काळजी असूनही त्यांचं घोरणं ऐकून बरं वाटलं.

मंदी मग पेपरातही आली. घड्याळवाल्यानं दुकान अर्ध्यावर आणलं. अत्तरवाल्यानं फोन घेणं सोडलं. आम्ही आठवड्यातले निम्मे दिवस काम करू लागलो. उरलेल्या दिवशी मावशी तरीही यायची आणि पातेलं घासून ठेवायची. आणि एके दिवशी टीव्हीवर अर्थमंत्री आले. लहान उद्योग देशाचा कणा आहेत म्हणाले. लहान उद्योगांना तारण न मागता कर्ज देणार, हमी सरकार घेणार म्हणाले. हे उठून खाली गेले आणि मावशीला वर बोलावून आणलं, ऐक म्हणाले. मावशीला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ह्यांचा चेहरा असा झाला होता, जसं काही सरकारनं त्यांनाच नावानं हाक मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर उघडला आणि पेन्सिल घेऊन ती बातमी वाचायला बसले. वाचली. पुन्हा वाचली. मग पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं? आपल्याला किती मिळणार?" मी विचारलं.

"ज्याचं जेवढं कर्ज बाकी आहे, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं नवीन."

"मग आपल्याला?"

"शून्याचा पाचवा हिस्सा," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. तेव्हा आम्हाला वाटलं, बँकेत जाऊन बोललं की होईल काहीतरी. वेळेवर फेडलं ही काय चूक झाली?

बोलायची वेळ लवकरच आली. आमचा जुना कपबशीवाला स्वतः चालत आला. त्याच्याकडे वर्षअखेरची मोठी ऑर्डर आली होती. सहा-सहा कपांचे सेट, आणि प्रत्येक सेटला खोकं. एवढं एक काम पदरात पडलं की आमचा कारखाना मंदी ओलांडून पलीकडे गेला असता, मावशीचं आणि बाकीच्या कामगारांचं घरही चाललं असतं. पण आगाऊ पैसे द्यायला त्याच्याकडेही नव्हते. माल विकला की देतो म्हणाला. माणूस खरा होता, म्हणजे पैसे येणार होते. फक्त पुठ्ठा आधी घ्यावा लागणार होता.

पुठ्ठेवाल्याच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी माझ्या लग्नाच्याही आधीपासून होती. ती आमच्यासाठी नव्हती. आम्हाला माल नेहमी उधारीवरच मिळायचा आणि पुठ्ठेवाला त्या पाटीखाली बसूनच आम्हाला चहा पाजायचा. या वेळी त्यानं चहा मागवला आणि मग बोट वर करून ती पाटी दाखवली. "मालक, मिलवाल्यानं मला हीच दाखवली," असं म्हणाला आणि रडायच्या बेताला आला. ह्यांनीच त्याची समजूत काढली.

मग आम्ही दोघं बँकेत गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि निळं खोकं पिशवीत घेतलं होतं. कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या, आमच्या लेकीच्या वयाच्या असत्या, आम्हाला लेक असती तर. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"तुमचं कर्जखातं बंद दाखवतंय."

"फेडलं म्हणून बंद आहे," हे म्हणाले आणि खोकं उघडून दाखला पुढे ठेवला.

"हो, ते दिसतंय. पण योजना चालू खात्यांसाठी आहे. योजना जाहीर झाली त्या तारखेला बाकी असायला हवी होती."

"फेडलं नसतं तर?"

मॅडमनी पुन्हा कॉम्प्युटरकडे पाहिलं. खोटं बोलता येत नव्हतं बिचारीला. "तर आजच मंजूर केलं असतं. तुमच्यासारखा हप्ता भरणारा आमच्या शाखेत दुसरा नाही."

मी मध्ये पडले. "मग साधं कर्ज द्या. योजना राहू दे तुमच्यापाशी."

साध्या कर्जाला तारण हवं. तारण म्हणजे घर. घर दोघा भावांच्या नावावर, आणि भावजींनी आपला हिस्सा केव्हाच दुसऱ्या बँकेत अडकवलेला. शिवाय गेल्या काही महिन्यांची ऑर्डर बघावी लागेल, मॅडम म्हणाल्या, आणि ती बघितली तर साहेब सही करणार नाहीत. मंदीत नवीन खातं जपून उघडा, असं वरून सांगितलंय.

"म्हणजे ज्याला गरज नाही त्याला द्या, असंच ना?" माझा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. "बुडवणाऱ्याला पाट आणि फेडणाऱ्याला दार! कुठल्या शाळेत शिकवलं हो तुम्हाला हे?"

"चल," हे म्हणाले. त्यांनी दाखला खोक्यात ठेवला आणि झाकण टेकवलं. ते आपल्या गतीनं उतरेपर्यंत आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. सुस्कारा आला तशा मॅडम म्हणाल्या, "किती सुंदर आहे हे," आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी आमचा फोन नंबर लिहून घेतला. "योजनेत काही बदल झाला तर मी स्वतः कळवीन." ह्यांनी त्यांचे आभार मानले. मी मानले नाहीत. आता वाटतं, मानायला हवे होते.

कर्ज म्हणजे असून अडचण आणि नसून खोळंबा, हे मी तेव्हा शिकले. आणि मग माझ्या डोक्यात भावजी आले. एवढ्या कर्जाचा पाचवा हिस्सा म्हणजे त्यांना घबाड मिळालं असणार. ह्यांना न सांगता मी त्यांच्या प्रेसवर गेले. वाटेभर मनात भांडत गेले. घराचा हिस्सा अडकवून बसलात, आता त्याच्यासाठी काढा थोडे बाहेर, असं तोंडावर बोलायचं ठरवलं होतं.

प्रेस बंद होता. बंद म्हणजे दार उघडं, दिवे लावलेले, पण मशीनचा आवाज नाही. भावजी शाईनं काळ्या झालेल्या स्टुलावर बसून नखं साफ करत होते. मला पाहून उठले, हसले, टकलावरून हात फिरवला. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आले होते वहिनी. सकाळी आले. बँकेनं दुपारी थकलेल्या हप्त्यांत वळते करून घेतले. मी पैसे पाहिलेसुद्धा नाहीत. नुसते दोन मेसेज पाहिले. जमा झाले, आणि वजा झाले."

"सगळे?"

"सगळे. तिथे टीव्हीवर म्हणाले ना, एवढी रक्कम लहान उद्योगांपर्यंत पोचली? त्यात माझीही आहे." ते पुन्हा हसायला गेले पण ते जमलं नाही. "आता मी आधीच्यापेक्षा पाचव्या हिश्श्यानं जास्त देणं लागतो. दादाला सांगू नका. त्याला वाटू दे, की धाकट्याचं तरी बरं चाललंय."

मी त्यांना मारायला गेले होते आणि त्यांच्या मोरीत त्यांचे कप विसळून, चहा करून देऊन आले. त्या चहाला दूधही नव्हतं.

आणि अर्थात, संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगून टाकलं. माझ्या तोंडात राहतंय काय? मला वाटलं ते चिडतील, नाहीतर निदान म्हणतील, बघ, मी सांगत होतो. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं, "तो जेवला होता का?"

कपबशीवाला आणखी काही दिवस थांबला. मग हात जोडून आला. दुसरीकडून खोकी घेतोय म्हणाला, तिकडे पुठ्ठा तयार आहे. हे म्हणाले, बरोबर आहे तुमचं. त्यांनी त्याला आमच्या मापांचे नमुने दिले, म्हणजे नवीन माणसाला सोपं जाईल. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. खाली जाऊन दोघांनाही झोडपावंसं वाटलं.

त्यानंतर कारखाना चालवण्यात अर्थ नव्हता. दोन्ही मशीनं विकली. कोपऱ्याचं मशीन, ज्याचं कर्ज वेळेआधी फेडलं म्हणून एवढं सगळं झालं, ते तर भंगाराच्या भावानं वजन करून नेलं. आलेल्या पैशांतून ह्यांनी सगळ्यांचा हिशेब पुरा केला, एकाचंही ठेवलं नाही. मावशीच्या हातात पैसे देताना त्यांनी विचारलं, "तुझं काही राहिलं तर नाही ना?"

मावशी म्हणाली, "राहिलं असतं तर बरं झालं असतं मालक. परत यायला निमित्त तरी झालं असतं."

ती गेल्यावर हे रिकाम्या टेबलाशी बसून रडले. आवाज न करता. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, "बरोबर बोलली." तिथून पुढे कितीतरी दिवस ते एवढंच बोलले असतील.

उरलेला पुठ्ठा, कागदाची रिळं आणि पातेलं आम्ही वर आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज सकाळी हे रद्दी पसरून खोकी बनवायला बसायचे. ऑर्डर नाही, गिऱ्हाईक नाही. लहान, मोठी, लांबट, सगळी खोकी. सुरुवातीला मी म्हणायचे, "अहो, यात भरायचं काय?" ते पुढचा पुठ्ठा हातात घ्यायचे. मग मीही कागद चढवायला बसू लागले. शेजारपाजारच्यांना वाटून झाली, तरी खोकी कपाटावर, पलंगाखाली साचत गेली. खळीचा वास मात्र घरात परत आला, आणि खोटं कशाला बोलू, मला झोप लागू लागली.

काही आठवडे असे गेले. एक दिवस सकाळी मी उठले तेव्हा ह्यांचं काम सुरू झालं होतं.

"आज पेपर आला नाही," ते म्हणाले.

"उशीर झाला असेल मेल्याला," मी म्हटलं आणि चहाला आधण ठेवलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. मी उचलला. बँकेतल्या मॅडम होत्या. आवाजात नुसता आनंद. मी त्यांच्यावर एवढी ओरडले होते, तरी पोरीनं नंबर जपून ठेवला होता.

"बाई, झाला बदल! आता ज्यांच्यावर कर्ज नाही त्यांनाही मिळणार. आजच्या पेपरातही आलंय. तुमच्या मिस्टरांसारखं रेकॉर्ड असेल तर लगेच. आजच्या आज अर्ज घेऊन या, मी लगेच पुढे सरकवते. फक्त कारखाना चालू आहे एवढं दाखवावं लागेल. मशीनं जागेवर आहेत ना?"

मी उभी होते तिथून हे मला दिसत होते. पाठमोरे, मान खाली, ब्रश खळीत. फोनचा आवाज त्यांच्यापर्यंत जात नव्हता, माझा जाणार होता. तेव्हा कर्ज नव्हतं म्हणून नाही मिळालं, आता कारखाना नाही म्हणून मिळणार नाही, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं. एरवी मी ते तिथेच फेकलं असतं, मॅडमच्या अंगावर, सरकारच्या अंगावर, ह्यांच्या अंगावर. निदान छाती तरी मोकळी झाली असती.

पण मला ते ऐकून त्यांची पाठ कशी होईल, हे दिसलं.

"नंबर चुकला हो तुमचा," मी म्हणाले. "इथे खोकी बनवणारं कुणी राहत नाही."

"बाई... मी बँकेतून..."

मी फोन ठेवला.

"कोण होतं?" ह्यांनी मागे न बघता विचारलं.

"चुकून लागला होता."

"हं."

मी चहा गाळला आणि त्यांचा कप घेऊन टेबलाशी आले. कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून ओला कागद जरा बाजूला सारला. खाली पसरलेली रद्दी रद्दी नव्हती. वर आजची तारीख होती. पहिल्या पानावरची लहान उद्योगांची बातमी उलटी दिसत होती. तिच्यावर खळीचा हात मारलेला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कागद फाटायच्या बेताला येईपर्यंत. आठवड्याच्या आतला पेपर खळीला लावू न देणारा माझा नवरा.

त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं. हातातलं झाकण खोक्यावर टेकवलं आणि हात काढून घेतला. ते उतरायला लागलं. मला जन्मात पहिल्यांदा कळलं, की तोंडात तीळ भिजवायला किती जोर लागतो, आणि हा माणूस आयुष्यभर तो लावत आला होता.

मी कप नेमका त्या बातमीवर ठेवला.

"पेपर आला नाही आज," ते पुन्हा म्हणाले, हळू.

"हो ना," मी म्हटलं, "त्या पेपरवाल्याचा हल्ली काही भरवसाच राहिला नाही."